त्रिशला बोलतेय

“तू आत जा आणि दार लोटून घे,” आक्का म्हणाली. “माझा चेहरा दिसला की तू स… समजून घेतेस. त्यांना कुठे दिसणार आहे?”

मी स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं आणि आवाज जाड करून विचारलं, “हॅलो, त्रिशला मगदूम बोलताय का?”

पलीकडून काहीच नाही. मी जरा थांबून पुन्हा म्हणाले, “हॅलो? हॅलो?” तरी काही नाही. दार ढकलून बाहेर आले तर आक्का पलंगाच्या कडेला बसलेली. डोळे मिटलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, जीभ ‘त’पाशी दातांना चिकटलेली. मला पाहून तिने श्वास सोडला.

“तू लगेच दुसऱ्यांदा हॅलो का म्हणालीस?”

“लोक म्हणतातच की गं.”

“हो. म्हणतातच,” ती म्हणाली आणि पुन्हा दाराकडे बोट केलं. “जा. प… परत.”

ही दोन हजार आठच्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही मिरजेत मालगाव रस्त्याला दोन खोल्यांत राहायचो. अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात दिवाणजी होते. आई घरी ब्लाउज शिवायची. आक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन ती कॉलेजात पहिली आली होती, आणि त्याला दोन वर्षं होऊन गेली तरी घरीच होती. तीन ठिकाणी मुलाखतीला जाऊन आली. तिन्ही वेळा अण्णा बरोबर गेले, बाहेर बाकावर बसले, आणि तिन्ही वेळा तिचा चेहरा बघून काही न विचारता तिला घेऊन परत आले.

लहानपणापासून ती बोलताना अडायची. कुणी म्हणालं जिभेला वेखंड लावा, मधातून. आम्ही जैन, मध आमच्यात चालत नाही, म्हणून आई तुपात उगाळून लावायची. मोठेपणी कोल्हापूरच्या एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सावकाश बोलायला सांगितलं. ते ती करतच होती. गंमत म्हणजे बस्तीत, आमच्या मंदिरात, पूजा म्हणताना, गाणं म्हणताना ती एकदाही अडखळायची नाही. बायका वळून बघायच्या, इतका तिचा आवाज गोड. पण पूजा संपून कुणी नाव विचारलं की संपलं. बाकीचे शब्द ती बदलून घ्यायची, अवघड शब्द आला तर त्याच अर्थाचा दुसरा शोधायची. नाव कसं बदलणार? त्यात आई-अण्णांनी हौसेने ठेवलेलं नाव त्रिशला. सुरुवातीलाच जोडाक्षर.

मग आम्ही सगळे तिच्या वतीने सांगायला लागलो. दुकानात आई सांगायची, पाहुण्यांत अण्णा सांगायचे, रस्त्यात मी सांगायची. मला तर बोलायची सवयच होती. शाळेपासून वक्तृत्वाची बक्षिसं माझ्याकडे. आक्का माझी भाषणं लिहून द्यायची आणि मी ती म्हणायची. आमच्या दोघींचं ते बरं चाललं होतं, असं मला वाटायचं.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेची जाहिरात तिनेच पेपरात पाहिली. मसाले, दूध, पीठ असल्या खाण्याच्या जिनसा तपासणारी प्रयोगशाळा. तिने अर्ज केला आणि उत्तर आलं: शनिवारी सकाळी अकरा वाजता सामंत नावाचे अधिकारी फोनवरच मुलाखत घेतील. घरात एकच मोबाइल होता, अण्णांचा. त्याचा नंबर अर्जावर दिलेला.

“फोनवर म्हणजे बरंच की,” मी म्हणाले होते. “समोर कुणी बघत नाही. भीती कमी.”

आक्काने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झाले.

“समोर असलं की त्यांना दिसतं, मी अ… अडलेय ते,” ती म्हणाली. “फोनवर काय ऐकू जातं? काहीच नाही. लोकांना वाटतं लाइन कट झाली. गॅसवाल्याला मी चारदा फोन लावला होता. चारदा त्याने ठेवला.”

आठ दिवस आमची तयारी चालली होती. तिने दोनशे पानी वही केली होती. प्रश्न डाव्या बाजूला, उत्तरं उजव्या. मी दाराआडून साहेब व्हायची. ती कधी उभं राहून उत्तर द्यायची, कधी चौकट घट्ट धरून, कधी पाय बादलीतल्या गार पाण्यात बुडवून. कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, त्याने छातीतली धडधड कमी होते. पाय सुरकुतून पांढरे पडेपर्यंत ती बसून राहायची आणि मी दाराआडून प्रश्न विचारत राहायची. चौथ्या दिवशी मला तिची सगळी उत्तरं पाठ झाली होती.

एका प्रश्नापुढे मात्र तिने उत्तर लिहिलं नव्हतं. ‘तुमच्यातली एखादी उणीव सांगा.’ हा प्रश्न सगळेच विचारतात, असं तिच्या मैत्रिणीने सांगितलं होतं.

“इथे काय म्हणणार?” मी विचारलं.

“ते मी ब… बघेन तेव्हा.”

“असं नाही चालत आक्का. काहीतरी गोड लिहून ठेव. फार हट्टी आहे, काम हातात घेतलं की सोडत नाही, असलं काहीतरी.”

ती हसली आणि वही मिटली.

शनिवारी सकाळी अण्णा फोन घरी ठेवून कामावर निघाले. रात्रभर चार्ज करून त्यांनी तो देवघराच्या फळीवर ठेवला होता. चप्पल घालून दारात घुटमळले.

“मी आधीच फोन करून सांगू का त्या साहेबांना?” ते म्हणाले. “म्हणजे पोरीला जरा असं असं आहे, सांभाळून घ्या म्हणून?”

“नको अण्णा,” आक्का म्हणाली. हे दोन शब्द मात्र तिने न अडता म्हटले.

आईला तिने शेजारी चौगुलेकाकूंकडे पाठवून दिलं. घरात आम्ही दोघीच उरलो. दहापासूनच तिला सारखं पाणी लागत होतं. घोटभर प्यायची, पेला ठेवायची, पुन्हा उचलायची. तळहाताला घाम सुटून वहीच्या कडा ओल्या झालेल्या. साडीच्या पदराने ती हात पुसायची. हो, साडी नेसली होती तिने. फोनसाठी. मी हसले तर म्हणाली, “असू दे गं. बरं वाटतं.”

पावणेअकराला ती पूजेतल्या ओळी गुणगुणायला लागली, घसा मोकळा व्हावा म्हणून. मग थांबली.

“राजे, एक करशील?” ती मला लाडाने राजे म्हणायची.

“काय?”

“मी बोलत असताना इथेच बस. पण खाली बघ. माझ्याकडे ब… बघू नकोस.”

मी ‘बरं’ म्हणाले.

अकराला तीन मिनिटं असतानाच फोन वाजला. आक्काने तो दोन्ही हातांनी उचलला, हिरवं बटण दाबलं आणि कानाला लावला. खोलीत इतकं शांत होतं की पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. पोक्त, संथ आवाज.

“नमस्कार. त्रिशला मगदूम बोलताय का?”

मी खाली बघत होते. एक. दोन. तीन. फरशीवर मुंग्यांची रांग चालली होती. चार. मग माझ्याने राहवलं नाही आणि मी वर पाहिलं. आक्काचे डोळे मिटलेले होते. मान एका बाजूला खेचली गेलेली, फोन धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडलेली. ओठ किंचित उघडे आणि आवाज नाही.

“हॅलो?” पलीकडून आलं. “ऐकू येतंय का?”

मला गॅसवाला आठवला. ती दोन वर्षं आठवली. बाकावर बसलेले अण्णा आठवले. मी उठले, तिच्या मुठीतून फोन काढून घेतला आणि म्हणाले, “हो सर, त्रिशला बोलतेय. सॉरी सर, आमच्याकडे रेंज जरा कमी आहे.”

“हरकत नाही,” ते म्हणाले. “मग सुरू करूया?”

आक्काने डोळे उघडले. तिचा हात अजून कानापाशी तसाच होता, फोन धरल्यासारखा.

मी फार छान बोलले. आजही मला ते सगळं आठवतं. शिक्षण सांगितलं, कॉलेजातला प्रकल्प सांगितला, पुण्यात राहायची सोय कशी करणार ते सांगितलं. शब्द आक्काचेच होते, वहीतले. मी फक्त ते म्हणत होते, शाळेतल्या भाषणासारखे. दहा मिनिटांनी सामंत सर म्हणाले, “आता एक प्रत्यक्ष कामातला प्रश्न. दुधाचा नमुना जंतू मोजायला थाळीत लावलाय. दुसऱ्या दिवशी थाळीत जंतू इतके वाढलेत की मोजता येत नाहीत. काय कराल?”

हा प्रश्न वहीत नव्हता. मी इतिहासाची विद्यार्थिनी. मी आक्काकडे बघितलं आणि हाताने खूण केली, लिही.

ती क्षणभर हलली नाही. मग तिने पेन उचललं. मी तिच्या खांद्यावरून वाचत गेले. “नमुना आणखी दहापट पातळ करून पुन्हा लावेन सर. त्यानेही नाही जमलं तर आणखी दहापट.”

“आणि पहिल्या थाळीचं काय लिहाल अहवालात?”

पेन चाललं. “मोजता आले नाहीत, असं लिहीन. अंदाजाने आकडा लिहिणार नाही.”

“वा,” ते म्हणाले. त्यांना ते मनापासून आवडलं होतं. “अगदी बरोबर. पुष्कळांना मोह होतो.”

असे आणखी दोन-तीन प्रश्न झाले. ती लिहीत होती, मी वाचत होते. अक्षर सुरुवातीला नीट होतं, पुढे पुढे वाकडं होत गेलं. शेवटी ते म्हणाले, “बरं, एक नेहमीचा प्रश्न. तुमच्यातली एखादी उणीव सांगा.”

आक्काचं पेन थांबलं.

“मी जरा हट्टी आहे सर,” मी म्हणाले. “काम हातात घेतलं की पुरं झाल्याशिवाय सोडवत नाही. घरचे वैतागतात.”

ते हसले. मीही हसले. फोन बंद झाला तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. मी उडीच मारली. “आक्का! झालं गं! घेणार बघ तुला, नक्की घेणार!”

तिने वही मिटून देवघराच्या फळीवर ठेवली, साडीची पिन काढली आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आल्यावर तिने मला जेवायला वाढू का विचारलं. मला वाटलं, दमलीय.

संध्याकाळी अण्णा आले तेव्हा मीच सगळं सांगितलं. म्हणजे आक्का कशी बोलली, दुधाच्या प्रश्नाला काय उत्तर दिलं, साहेब कसे ‘वा’ म्हणाले. आक्का भाकरी करत होती. अण्णांनी दोनदा सगळं ऐकून घेतलं.

“अडखळली नाहीस?” त्यांनी तिला विचारलं.

“थोडीशी,” मी म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी पत्र आलं. निवड झाली होती. सोळा जूनला रुजू व्हायचं. आईने पत्र देवापुढे ठेवलं, मग पेढे आणवले आणि गल्लीत घरोघर जाऊन वाटले. चौगुलेकाकू रडल्याच. अण्णा त्या दिवशी यार्डातून दुपारीच परतले. त्यांनी आक्काच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलायला गेले, पण त्यांनाच शब्द सुचेना. मग नुसतेच हसले. अण्णांना इतकं मोकळं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं, नंतरही क्वचितच पाहिलं.

मलाही जूनमध्येच पुण्याला जायचं होतं. वकिलीच्या कॉलेजात मला प्रवेश मिळाला होता. अण्णा आधी नाहीच म्हणत होते, एकटी मुलगी परगावी कशी पाठवायची म्हणून. आता दोघी बहिणी एकत्र राहतील म्हटल्यावर त्यांची काळजी मिटली. मी तर कुठल्या पेठेत खोली घ्यायची इथपर्यंत पोचले होते.

रविवार गेला. सोमवारी आई आणि अण्णा एका लग्नाला जयसिंगपूरला जाणार होते. आक्काने अण्णांना फोन घरी ठेवायला सांगितला. पुण्याहून काही निरोप आला तर म्हणून. ते गेल्यावर तिने पत्र काढलं, त्यावरचा नंबर पाहिला आणि मला म्हणाली, “इकडे ये. माझ्या स… समोर बस.”

“कुणाला लावतेस?”

“सामंत सरांना.”

“कशाला? मी बोलू का?”

“नाही,” ती म्हणाली. “तू आज त… तोंड उघडायचं नाही. काही झालं तरी. शपथ घे.”

मला अजून कळलं नव्हतं. रुजू व्हायची तारीख वगैरे विचारायची असेल असं वाटलं. मी मान हलवली. तिने नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन आमच्या दोघींच्या मध्ये पलंगावर ठेवला.

“हॅलो, सामंत.”

आक्काने डोळे मिटले. पुन्हा तेच. ताणलेल्या शिरा, वाकडी झालेली मान, उघडे ओठ. मी माझा हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

“हॅलो? कोण बोलतंय?”

“न… नमस्कार सर,” आक्का म्हणाली. “मला ब… ब… बोलताना अडतं. मी थ… थांबले तर फोन कट झालाय असं स… समजू नका. मी आहे इथे.”

वाक्य एका दमात गेलं नाही. मधे मधे मोठमोठी भोकं होती. पण ते तिला शोधावं लागलं नव्हतं. आधीपासून ठरवून ठेवलेलं, अनेकदा मनाशी म्हटलेलं वाक्य होतं ते.

मग सामंत सर म्हणाले, “बरं. मी ऐकतोय. सावकाश बोला. घाई नाही.”

आणि ते खरंच थांबले. आक्काने आपलं नाव सांगायला घेतलं. त… त… करत ती जिन्याची एकेक पायरी चढावी तशी चढत होती आणि तो माणूस पलीकडे गप्प होता. हॅलो म्हणाला नाही. हं हं केलं नाही. तिच्याऐवजी नाव पुरं केलं नाही. नाव पूर्ण झाल्यावर म्हणाला, “हो, मगदूम. सोळा तारखेला येताय तुम्ही. पण त्या दिवशी तर तुम्ही…”

“त्या दिवशी मी न… नव्हते बोलत सर. माझी ब… बहीण बोलत होती.”

मी तिच्या हाताला धरलं. तिने हात सोडवून घेतला. तिरमिरीने नाही, हळूच.

तिने सगळं सांगितलं. उत्तरं तिचीच होती, आवाज बहिणीचा होता. बहिणीचा दोष नाही, तिला वाटलं मी अडकले. पाचेक मिनिटं लागली असतील. सामंत सर एकदाही मधे बोलले नाहीत. सांगून झाल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडलेला ऐकू आला.

“दुधाच्या थाळीचं उत्तर कुणाचं?” त्यांनी विचारलं.

“माझं.”

“मला वाटलंच.” थोडं थांबून ते म्हणाले, “अहो, तुम्ही तेव्हाच सांगायचं होतं. आमच्याकडे दिवसभर भिंगातून बघायचं काम. बोलायचं असतं कितीसं? मी थांबलो असतो.”

आक्काने हातातल्या पत्राची घडी घातली.

“आता माझा नाइलाज आहे. मुलाखत दुसऱ्याने दिली हे कळल्यावर मला ते वर कळवावं लागेल. निवड रद्द होईल, आणि इथे पुन्हा तुमचा अर्ज घेता येणार नाही. तसा नियम आहे.”

“हो सर. म्हणूनच फ… फोन केला.”

“तुम्ही नसतं सांगितलं तर?”

“तिथे पहिल्या द… दिवशी नाव विचारलंच असतं की सर कुणीतरी,” आक्का म्हणाली, आणि चक्क हसली.

ते मात्र हसले नाहीत. “काळजी घ्या,” म्हणाले. तिने थँक यू म्हणेपर्यंत थांबले आणि मग फोन ठेवला.

मी रडायला लागले होते. “आक्का, मला वाटलं तुला आवाजच फुटत नाहीये. मला वाटलं ते आता फोन ठेवणार.”

“मी अडकले नव्हते राजे,” ती म्हणाली. “मी स… सुरुवात केली होती. हेच वाक्य. आठ दिवस मी मनात हेच घ… घोकत होते. ‘नमस्कार’मधला पहिला न आला होता तोंडात.”

“मग मला आधी सांगायचंस ना!”

“तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.”

ते खरं होतं. मी म्हणाले असते, आधीच कशाला सांगतेस, वेडी आहेस का.

“तू फोन घेतलास तेव्हा मी हिसकावून घ्यायला हवा होता,” ती पुढे म्हणाली. “पण तू इतकं छान ब… बोलायला लागलीस. आणि मला बरं वाटलं गं. तेच वाईट झालं. मला सुटल्यासारखं वाटलं.”

मी डोळे पुसले. मग मी विचारलं, “अण्णांना काय सांगायचं?”

अण्णांना खोटं खपायचं नाही. मी सातवीत पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवून मैत्रिणीकडे गेले होते, तर त्या वर्षी सहलीची बस दारासमोरून गेली तरी त्यांनी मला जाऊ दिलं नाही. आणि हे तर केवढं मोठं. त्यांना कळलं असतं तर पुण्याचं नाव काढायची सोय राहिली नसती. हे सगळं माझ्या डोक्यात येत होतं आणि मी ते बोलत नव्हते.

आक्काच म्हणाली, “मी सांगेन, मला जायचं नाही. इतक्या ल… लांब राहायची भीती वाटते.”

“ते चिडतील.”

“चिडू देत. चार दिवस. तुझं कॉलेज बुडायला नको.”

मी नको म्हणायला हवं होतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि अजून थोडी रडले.

अण्णा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिचं ऐकून घेतलं, पत्र घडी घालून पाकिटात परत ठेवलं आणि म्हणाले, “मी आलो असतो गं पोरी तुझ्याबरोबर पोचवायला. महिनाभर राहिलो असतो.” आईने शेजारीपाजारी काय सांगायचं म्हणून दोन दिवस दार लावून घेतलं. चौगुलेकाकू म्हणाल्या, जाऊ दे, असते एकेक भित्री. मी जूनमध्ये पुण्याला गेले. कॉलेजातल्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली म्हणून अण्णांनी अडवलं नाही, आणि ते मलाच पोचवायला आले.

आक्काला पुढे मिरजेतच एका डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. रक्त, लघवी तपासायचं. तिथे ती चौदा वर्षं आहे. काम चोख म्हणून नाव आहे तिचं. लग्न केलं नाही. मी वकील झाले, पुण्यातच राहिले. सणासुदीला जायची, भेटायची. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. ती आनंदात नव्हती असं नाही. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली तिच्यावर जीव टाकतात. पण पुण्याला ती माझ्याकडे एकदाही राहायला आली नाही.

चार वर्षांपूर्वी अण्णा आजारी पडले. मी रजा काढून गेले होते. एक दिवस यार्डातले त्यांचे जुने सोबती, तात्या पाटील, बघायला आले. खुर्ची ओढून बसले, इकडचं तिकडचं झालं, आणि मग म्हणाले, “थोरली इथेच असते काय?”

“इथेच,” अण्णा म्हणाले. आवाज बारीक झाला होता त्यांचा, पण बोलायची हौस होती. “हिला पुण्याची नोकरी चालून आली होती तात्या. पत्र आलं होतं घरात. साहेबांना काय उत्तरं दिली होती हिने! पण ऐन वेळी नको म्हणाली.”

“का गं बाई?” तात्यांनी आक्काला विचारलं.

आक्का उशाशी उभी होती, अण्णांच्या औषधाच्या बाटलीचं झाकण लावत. ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

“मी घ… घ…”

“घाबरली,” अण्णांनीच तिचा शब्द पुरा केला. त्यांनी हात वर करून तिच्या मनगटावर थोपटलं. “असू दे. प्रत्येकाचा पिंड असतो. माझी काही तक्रार नाही. ही धाकटी बघा. कोर्टात उभी राहते, जज्जापुढे. हिला भीती म्हणून माहीत नाही.”

आक्काने बाटली फळीवर ठेवली आणि पाणी आणायला आत गेली.

मी अण्णांच्या पायाशी बसले होते. हातभरही अंतर नव्हतं. अण्णा माझ्याकडेच बघत होते. थकलेल्या, आनंदी डोळ्यांनी. दीड महिन्याने ते गेले.

“कसल्या केसेस असतात हो तुमच्याकडे?” तात्यांनी मला विचारलं.

आणि मी सांगायला लागले.